झपाटलेल्या घरांच्या कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुताची पुस्तकं वाचणाऱ्याला लोक दोन प्रकारे विचारतात: काही जण चेष्टेने, काही जण हळूच बाजूला घेऊन. प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. शेवट फोडलेले नाहीत, निदान ज्या पुस्तकांत शेवटाला किंमत आहे त्यांचे तरी नाहीत.

भूत असलेली प्रत्येक कादंबरी या प्रकारात येते का?

नाही. भूत घाटात भेटतं, विहिरीवर भेटतं, स्मशानात भेटतं. माणूस बोंबलत पळतो आणि गोष्ट संपते. इथे पळायची सोय नसते, कारण जिथे पळून जायचं तेच घर बिघडलेलं असतं. शिवाय या घराला मालक असतो, वारस असतो, कुठेतरी एखादं मृत्युपत्र असतं आणि बहुतेक वेळा एक जुना, न मिटवलेला अन्याय असतो. काही उत्तम कादंबऱ्यांत भूत म्हणून काही दिसतच नाही. माझं मत विचाराल तर या कादंबऱ्या मुळात इस्टेटीच्या आणि घरच्या माणसांच्या आहेत, भूत तिथे वसुलीला आलेलं असतं.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

गोष्ट म्हणून पाहिलं तर फार जुना आहे. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका पत्रात अथेन्समधल्या घराची हकिगत सांगतो. घर ऐसपैस, पण रात्री साखळदंडांचा आवाज येतो, म्हणून कोणी राहायला तयार नाही. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ गावात येतो, भाडं ऐकतो आणि त्याला पहिला संशय येतो तो भाडं इतकं कमी का याचा! चौकशी करतो, कारण कळतं, तरीही घर घेतो. रात्री दिवा लावून लिहीत बसतो. म्हाताऱ्याचं भूत साखळ्या वाजवत येतं, बोटाने खुणावतं. हा हातानेच ‘थांब जरा’ अशी खूण करून लिहीत राहतो. भूत त्याच्या डोक्यावर साखळ्या खुळखुळवतं, तेव्हा कुठे तो दिवा घेऊन उठतो. भूत अंगणात एका जागी नाहीसं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे खणल्यावर साखळ्यांत गुंतलेली हाडं सापडतात, रीतसर दफन होतं आणि घर शांत होतं. संशयास्पद स्वस्ताई, हट्टी भाडेकरू, पुरलेलं पाप: पुढच्या शेकडो कथांचा सांगाडा इथे तयार आहे.

कादंबरी म्हणून सुरुवात धरतात ती होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’पासून. साल १७६४. वॉलपोलने पहिल्या आवृत्तीवर स्वतःचं नाव घातलंच नाही, जुन्या इटालियन पोथीचा अनुवाद म्हणून ती खपवली. आज वाचताना हसू येतं. लग्नाच्या दिवशी आभाळातून अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. पण या सगळ्या कल्लोळाचं कारण बघा: किल्लेदाराच्या आजोबाने खऱ्या धन्याला विष घालून, खोटं मृत्युपत्र करून किल्ला लाटलेला असतो. पहिल्याच कादंबरीत खोटे कागद! १८५१ साली नॅथॅनिएल हॉथॉर्नने ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ लिहिली, तीही एका लाटलेल्या जमिनीवर उभी आहे. जमिनीचा मूळ मालक चेटक्या ठरून फासावर गेलेला, आणि त्याच्या झोपडीच्या जागेवर बड्या माणसाचं टोलेजंग घर. अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटूक खटल्यांत हॉथॉर्नचा एक पूर्वज न्यायाधीश होता, त्यामुळे लेखकाला हा विषय परका नव्हता.

मग ती माणसं घर सोडून निघून का जात नाहीत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मते एकमेव महत्त्वाचा. पहिल्या रात्री दार आपोआप वाजलं की बॅगा भरायच्या आणि पहिली गाडी पकडायची, इतकं साधं आहे. वाचक प्रत्येक पानावर हेच पुटपुटत असतो. चांगला लेखक या पुटपुटण्याला उत्तर देतो. वाईट लेखक गाडी बंद पाडतो.

स्टीफन किंगच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९७७) रस्ते बर्फाने बंद होतात हे खरं, पण खरी अडचण त्याआधीची आहे. जॅक टॉरन्सची मास्तरकी गेलेली आहे, दारूने नाव घालवलंय, आणि हिवाळ्यात बंद हॉटेल सांभाळायची ही नोकरी त्याला ओळखीच्या माणसाच्या शब्दावर मिळालेली शेवटची संधी आहे. ती सोडून बायकोमुलासकट तो जाणार कुठे? भुतं त्याच्याशी बोलतात तीही नोकरी आणि बढतीच्या भाषेत.

सारा वॉटर्सच्या ‘द लिटल स्ट्रेंजर’मध्ये (२००९) दुसऱ्या महायुद्धानंतरचं वॉरिकशायर आहे. हंड्रेड्स हॉल नावाची हवेली गळतेय, नोकरचाकर उरले नाहीत, कर भरायला जमीन विकावी लागतेय आणि विकलेल्या जमिनीवर सरकारी घरं उभी राहतायत. तरी एअर्स कुटुंब हलत नाही. ही हवेली सोडली तर आपण कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. गोष्ट सांगतो तो डॉक्टर. त्याची आई कधीकाळी त्याच हवेलीत मुलं सांभाळायच्या कामाला होती. लहानपणी एकदा आत शिरायला मिळालं तेव्हा त्याने भिंतीवरच्या नक्षीतलं प्लास्टरचं एक फळ चाकूने उचकटून खिशात घातलेलं असतं. कादंबरीच्या सुरुवातीलाच येणारा हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. त्या पोराला ते फळ मोडायचं नव्हतं, घराचा एक तुकडा आपल्याकडे हवा होता.

टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’मध्ये (१९८७) मात्र हाच प्रश्न थेट विचारला जातो. गुलामगिरीतून पळून आलेली सेथी आणि तिची सासू ओहायोत ज्या घरात राहतात तिथे मेलेल्या तान्ह्या मुलीचा संताप भरलेला आहे. घर बदलूया का, असं सेथी विचारते. सासू म्हणते, काय उपयोग? या देशात एकही घर असं नाही जे मेलेल्या काळ्या माणसाच्या दुःखाने आढ्यापर्यंत भरलेलं नाही. या कादंबरीमागे १८५६ मधली मार्गारेट गार्नरची खरी घटना आहे. पकडले गेलो तर मुलं पुन्हा गुलामीत जातील म्हणून तिने पोटच्या मुलीचा जीव घेतला होता. अख्खा देशच जिथे असा आहे, तिथे घर बदलून होणार काय?

तेव्हा ‘निघून का जात नाहीत’ याचं उत्तर: पैसा, नाव, वारसा, किंवा बाहेरही तेच असणं. हे उत्तर जितकं पक्कं तितकी कादंबरी चांगली. उत्तरच नसेल तर पुस्तक बाजूला ठेवा, पुढेही काही मिळणार नाही.

पण मुद्दाम घाबरण्यात मजा कसली?

सरळ कारण असं की पुस्तक मिटता येतं. नुसतं तेवढंच असतं तर मात्र कोणतंही भयपुस्तक चाललं असतं. घराच्या भीतीत आणखी एक गोष्ट आहे. दिवसभर आपण सावध असतो आणि घरात शिरल्यावर ती सावधगिरी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. नेमक्या त्याच ठिकाणी काहीतरी बरोबर नाही, ही शंका फार खोल जाते.

तीही पावलापावलाने गेली तर. ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेने, जिच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ने (१७९४) वाचकांची झोप उडवली होती, दोन भीतींमध्ये फरक केला होता. काहीतरी येणार आहे या जाणिवेने मन ताणलं जातं, जागं होतं. ते प्रत्यक्ष किळसवाण्या रूपात समोर आलं की मन गोठतं. घराच्या कादंबऱ्या पहिल्या भीतीवर जगतात. ज्या दुसरीकडे वळतात त्या शेवटच्या पन्नास पानांत ढेपाळतात. रॅडक्लिफबाई स्वतः मात्र शेवटी प्रत्येक भुताचा नैसर्गिक खुलासा देऊन टाकत. त्याने मला तरी थोडं फसवल्यासारखं वाटतं.

‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’चं एवढं कौतुक का?

कारण शर्ली जॅक्सनबाईंनी १९५९ साली या प्रकारातलं जवळजवळ सगळं सामान बाहेर फेकलं आणि एक बाई तेवढी ठेवली. एलेनॉर व्हान्स, वय बत्तीस. अकरा वर्षं आजारी आईची उस्तवार केली. आई गेली, आता बहिणीच्या घरी भाचीच्या खोलीत खाटेवर झोपते. गाडीत अर्धा वाटा तिचा, पण बहीण गाडी देत नाही. एका संशोधकाचं पत्र येतं की एका घराचा अभ्यास करायचाय, पाहुणे म्हणून या. ती भल्या पहाटे गाडी घेऊन चक्क पळते.

त्या प्रवासाची पानं घाईने उलटू नका. वाटेत ती दिसेल त्या घरात मनातल्या मनात राहायला जाते. एका घराच्या पायऱ्यांवर दगडी सिंह दिसतात, एका खानावळीत एक लहान मुलगी ‘माझा चांदण्यांचा कप नाही’ म्हणून दूध प्यायला नकार देते. पुढे हिल हाउसमध्ये कोणी विचारतं, ‘तू राहतेस कुठे?’ तेव्हा एलेनॉर सांगते, माझी छोटीशी जागा आहे, तिथे दगडी सिंह आहेत, चांदण्यांचा कप आहे. सगळं वाटेवरून उचललेलं! वाचकाला इथे भुतापेक्षा जास्त धक्का बसतो. जिला स्वतःचं घर नाही तिला हे घर काय करू शकेल, ते आपल्याला त्या क्षणी कळतं.

आणि तो हाताचा प्रसंग. मध्यरात्री अंधारात भिंतीपलीकडून पुटपुटण्याचा आवाज, मग लहान मुलाचं रडणं. एलेनॉर शेजारच्या थिओडोराचा हात घट्ट धरून ठेवते, इतका घट्ट की बोटांची हाडं जाणवतात. शेवटी धीर एकवटून ती ओरडते आणि दिवा लागतो. थिओडोरा खोलीच्या पलीकडच्या पलंगावर, झोपेतून नुकती उठलेली. मग मी हात कुणाचा धरला होता? लेखिका याचं उत्तर देत नाही. पुढच्या प्रकरणात दुपार झालेली असते.

घराची रचनाही तशीच. एकही काटकोन पुरता काटकोन नाही, प्रत्येक कोपरा किंचित चुकलेला, म्हणून दारं आपोआप मिटतात. म्हणजे खुलासा दिलेला आहे, आणि खुलाशाने भीती कमी होत नाही. ही कादंबरी अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. जॅक्सनबाई १९६५ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेल्या. त्याआधी काही काळ त्यांना स्वतःच्या घराबाहेर पाऊल टाकणंही अशक्य झालं होतं.

शेवटी भूत खरं असतं की मनाचे खेळ?

हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वर (१८९८) याच मुद्द्यावरून आजही वाद आहे. दोन मुलांना सांभाळायला आलेल्या गव्हर्नेसला मेलेली माणसं दिसतात, पण ती इतर कुणाला दिसल्याचा पुरावा नाही. १९३४ साली एडमंड विल्सन या समीक्षकाने भुतं नाहीतच, बाईचं डोकं फिरलंय असा पक्ष मांडला आणि तेव्हापासून दोन तट पडले. मी कुठल्याच तटात नाही. भुतं खरी असतील तर मुलं धोक्यात आहेत, खोटी असतील तर मुलं जास्तच धोक्यात आहेत, आणि पुस्तक हातात असेपर्यंत दोन्ही धाक एकदम लागू असतात. निकाल लावलात की अर्धं पुस्तक वाया गेलं.

सिनेमा पाहिलाय. मग पुस्तक कशाला?

सिनेमा तुम्हाला त्यांचं घर दाखवतो. पुस्तकात ‘जिना’ एवढंच लिहिलेलं असतं आणि जिना तुम्ही पुरवता. हिल हाउस वाचताना माझ्या डोळ्यांपुढे न्यू इंग्लंड येत नाही, मामांच्या गावचा वाडा येतो. रॉबर्ट वाइजने १९६३ साली याच कादंबरीवर सिनेमा काढला आणि तो अजून टिकून आहे, कारण त्यात भूत कुठेच दाखवलेलं नाही. फक्त आवाज, आणि आतून दाबल्यासारखं फुगणारं लाकडी दार. १९९९ मध्ये हीच कादंबरी पुन्हा पडद्यावर आणून संगणकाच्या करामतीने सगळं दाखवलं, तेव्हा हसं झालं.

हे सगळं इंग्रजी-अमेरिकन झालं. आपल्याकडे काय?

आपली परंपरेतली भुतं बहुतेक घराबाहेर राहणारी. मुंजा पिंपळावर, वेताळ वेशीबाहेर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानवाटेवर. घराला धरून बसतो तो समंध. मागे क्रियाकर्म करायला कोणी उरलं नाही किंवा जीव धनात अडकला की माणूस समंध होतो, अशी समजूत. म्हणजे इथेही कारण इस्टेटच.

शनिवारवाड्याची दंतकथा घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते म्हणतात. गंमत अशी की आतला वाडा १८२८ च्या आगीतच गेला. आज उभे आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. घर जळून दोनशे वर्षं होत आली तरी हाकेने पत्ता सोडलेला नाही. आणि खुनाचं मूळ? गादीवरची भाऊबंदकी.

कथेत पाहायचं तर रवींद्रनाथ टागोरांची ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) भारतीय भाषांतली या प्रकारातली सर्वोत्तम गोष्ट म्हणेन. टागोर १८७८ साली अहमदाबादला शाहीबागेतल्या मुघलकालीन महालात राहिले होते. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश होते. त्या महालावरूनच ही कथा सुचली. तिचा नायक कापसाच्या महसूल वसुलीचा सरकारी अंमलदार! दिवसा हिशेब, रात्री संगमरवरातले पैंजण.

मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ही दोन नावं अपरिहार्य. धारपांच्या ‘आजी’ या कथेचा अंश ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात आहे. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, कथानक मात्र वेगळंच. वाडा, आजी, पुरलेलं धन आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा लोभ हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

माझी तक्रार एकच. आपल्या वाड्यांत कादंबरीला पुरेल इतकं सामान पडलेलं आहे: माजघरालगतची बिनखिडकीची बाळंतिणीची खोली, जिथे जन्म आणि मृत्यू दोन्ही झाले; धान्य साठवायचं भिंतीतलं बळद; माळ्यावरच्या कुलूपबंद पेट्या; आणि सातबाऱ्यावरची सतरा नावं, त्यातली सहा हयात नाहीत. एकाची सही मिळत नाही म्हणून वाडा विकता येत नाही, पाडताही येत नाही. यावर एक जाडजूड, सावकाश चालणारी कादंबरी कुणीतरी लिहावी. रंगीत दिव्यांची, किंचाळ्यांची नको.

अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते का?

कादंबरीने नाही. कादंबरी मुखपृष्ठावरच कबूल करते की हे रचलेलं आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदाही गोष्ट सांगणाऱ्याच्या मागे लागत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या सूचीत आहे.

माझा राग आहे तो ‘सत्य घटनेवर आधारित’ या शिक्क्यावर. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲमिटीव्हिलमध्ये १९७४ साली एका घरात एकाच कुटुंबातल्या सहा जणांचा खून झाला. तो खरा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुटुंबाने ते घर ८०,००० डॉलरना घेतलं आणि २८ दिवसांत सोडलं. त्यावर १९७७ साली सत्यकथा म्हणून पुस्तक निघालं आणि धो धो खपलं. खुन्याच्या वकिलाने नंतर सांगितलं की ही कहाणी आम्ही वाइनच्या बाटल्या रिकाम्या करत रचली. पुढे तिथे राहिलेल्यांना भुताने त्रास दिला नाही, बघ्यांनी दिला. शेवटी घराचा क्रमांक बदलावा लागला.

घर विकताना ‘इथे भूत आहे’ हे सांगावं लागतं का?

चेष्टेने विचारतात, पण यावर निकाल आहे. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयापुढे १९९१ साली नायॅक नावाच्या गावातल्या घराचा दावा आला. मालकिणीने घरातल्या भुतांच्या हकिगती आधी मासिकात आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणल्या होत्या. घर घेणारा बाहेरगावचा, त्याला पत्ताच नाही. न्यायालयाने म्हटलं, तुम्हीच गावभर सांगितलंत, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलं आहे. ग्राहकाला करार मोडायची मुभा मिळाली. निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी. जपानमध्ये तर आधीच्या रहिवाशाचा खून किंवा आत्महत्या झालेल्या घरांची भाडी उतरतात, आणि किती काळ ते सांगायचं याची मार्गदर्शक तत्त्वं सरकारने २०२१ मध्ये काढली. अथेनोडोरसची भाड्याची शंका अजून जिवंत आहे.

रात्री एकट्याने वाचावं का?

हो. नाहीतर कशाला वाचायचं?

मुलांना द्यावं का?

बारा-तेराच्या पुढे मतकरींच्या निवडक कथा द्यायला हरकत नाही. ‘बिलव्हेड’ मात्र मोठेपणीच. तिच्यातली हिंसा भुताची नाही, माणसांची आहे.

सुरुवात कुठून करू?

वेळ कमी असेल तर ‘क्षुधित पाषाण’, एका बैठकीत होते. मग ‘हिल हाउस’, ती फार जाड नाही. नुसतं छान घाबरायचं असेल तर सूझन हिलची ‘द वुमन इन ब्लॅक’ (१९८३): दलदलीतलं घर, भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी वाट, मेलेल्या मालकिणीची कागदपत्रं लावायला आलेला वकील. तिच्यावरचं नाटक लंडनच्या वेस्ट एंडला १९८९ पासून २०२३ पर्यंत चाललं. ‘द लिटल स्ट्रेंजर’ सुट्टीसाठी ठेवा, तिला सलग दिवस लागतात.

मार्क डॅनिएलेव्स्कीची ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’ (२०००) अगदी शेवटी. त्यात एक माणूस घर मोजतो आणि ते बाहेरून जेवढं भरतं त्यापेक्षा आतून पाव इंच जास्त भरतं. तिथून सगळं सुरू होतं. ही मोबाईलवर वाचायच्या भानगडीत पडू नका. मजकूर आडवा, उलटा, तिरका छापलेला आहे, काही पानांवर चारच शब्द आहेत, आणि पुस्तक हातात गरगर फिरवल्याशिवाय ते वाचता येत नाही. छापील प्रतच घ्या.